अर्धी शाळा, अर्धे घर

संमिश्र ख्रिस्ती शाळेतले मूल आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस वर्गात बसते आणि उरलेल्या दिवशी घरी आईवडिलांकडून शिकते. अभ्यास दोन्हीकडे एकच. अभ्यासक्रम शाळा ठरवते, नवा धडा शिक्षक सुरू करून देतात, वाचन, सराव, पाठांतर आणि बरेचसे लेखन घरी होते, परीक्षा पुन्हा शाळेत. घरचा दिवस सुट्टीत धरत नाहीत. तो वेळापत्रकातला पूर्ण दिवस असतो, शिकवणारे माणूस तेवढे बदलते. या रचनेमागची भूमिका उघडपणे धार्मिक आहे. मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे काम आधी आईवडिलांचे, शाळा त्यांच्या मदतीला, असे ही कुटुंबे मानतात आणि त्यासाठी बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. मुलांना घरीदारी, उठताबसता शिकवत राहण्याची आज्ञा त्यात आहे.

आजचा साचा अमेरिकेत पडला. टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात १९९३ मध्ये ग्रेस प्रिपरेटरी अकॅडमी ही शाळा सुरू झाली. कॉलेजात जसे काही तास सोमवार-बुधवार-शुक्रवारी आणि काही मंगळवार-गुरुवारी असतात, तसे वेळापत्रक तिने शाळेला लावले. त्यावरून या पद्धतीला ‘युनिव्हर्सिटी मॉडेल’ असे नाव मिळाले आणि पुढे अशा शाळांची संघटनाही झाली. लहान वर्गांना साधारण दोन दिवस शाळा, वरच्या वर्गांना तीन. नॉर्थ कॅरोलिनात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ या उपक्रमात वर्ग आठवड्यातून एकच दिवस भरतो, बहुधा चर्चच्या सभागृहात, आणि तिथे शिकवणाऱ्याही बऱ्याचदा आयाच असतात.

घरी काय चालते हे शाळेकडून येणाऱ्या आठवड्याच्या कागदावरून कळते. तिसरी-चौथीच्या मुलाचा असा कागद साधारणपणे असा असतो: गणिताची पहिली पाच उदाहरणे आईसमोर, पुढची दहा एकट्याने; इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायचा आणि पुस्तक मिटून मुलाने तो स्वतःच्या शब्दांत सांगायचा; ओल्या फडक्यात ठेवलेल्या बियांना मोड कधी आले त्याची रोज नोंद; बायबलचे एक वचन पाठ; तळाशी पालकांची सही. चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवून घेणे ही त्या दिवशी आईची जबाबदारी. मूल मोठे होते तसे हे काम हलके होत जाते. प्राथमिक वर्गांत पालक अर्धे शिक्षक असतात, माध्यमिकात वाट दाखवणारे, आणि शेवटच्या दोन वर्षांत मूल वेळेवर अभ्यासाला बसते ना एवढे पाहणारे. पद्धतीचा सारा भर लहान वयावर आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. भारतातल्या कायद्याशी तिची गाठ नेमकी तिथेच पडते.

अमेरिकेत ही गरज का भासली याची कारणे तिथल्या इतिहासात आहेत. १९६२ आणि १९६३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी सरकारी शाळांतली अधिकृत प्रार्थना आणि बायबलवाचन बंद झाले. अनेक धर्मनिष्ठ कुटुंबांना सरकारी शाळा परकी वाटू लागली. खासगी ख्रिस्ती शाळेची फी सर्वांना परवडणारी नव्हती, म्हणून काहींनी मुलांना घरीच शिकवायला घेतले, आणि १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत घरच्या शिक्षणाला कायदेशीर वाट मिळाली. मग घरच्या शिक्षणाच्याही अडचणी दिसू लागल्या. दहावीचे रसायनशास्त्र, प्रयोगशाळा, नाटक, सांघिक खेळ हे स्वयंपाकघराच्या टेबलावर जमत नाही. आणि चार मुलांची आई चार इयत्ता एकटीने शिकवून थकते. संमिश्र शाळा ही या दोन्हींमधली तडजोड. शिक्षक अर्धवेळ, इमारत बहुधा चर्चची, त्यामुळे फीही पूर्णवेळ शाळेपेक्षा कमी. केनेसॉ स्टेट विद्यापीठातले एरिक वेअर्न यांनी या शाळांचा पद्धतशीर अभ्यास केला असून त्यावरचे त्यांचे पुस्तक २०२० मध्ये आले.

कल्पना मात्र अमेरिकेतल्या या शाळांच्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन यांनी १८८६ मध्ये घरच्या शिक्षणावरचे पुस्तक लिहिले, पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डमध्ये पालकांचा संघ उभा राहिला आणि १८९१ पासून त्यांची टपालाने चालणारी शाळा सुरू झाली. वेळापत्रक, पुस्तकांची यादी आणि सत्राअखेरच्या प्रश्नपत्रिका पाकिटातून घरी यायच्या, उत्तरे तपासायला परत जायची. मेसनबाई श्रद्धाळू अँग्लिकन होत्या. छोटे धडे, चांगली पुस्तके आणि वाचलेले मुलाने स्वतः सांगणे ही त्यांची त्रिसूत्री आजच्या संमिश्र शाळांत जशीच्या तशी दिसते. साम्राज्यभर विखुरलेल्या इंग्रज कुटुंबांना ही शाळा सोयीची होती, आणि त्यांत हिंदुस्थानातली कुटुंबेही होती.

मराठी मुलुखात ख्रिस्ती शाळा, ख्रिस्ती घर आणि घरातली शिकवण या तिन्ही गोष्टी जुन्या आहेत, पण त्या एका वेळापत्रकात कधी बांधल्या गेल्या नाहीत. त्याचे कारण असे की इथल्या ख्रिस्ती शाळेने आरंभापासून आपल्या मुलांपेक्षा दुसऱ्यांचीच मुले जास्त शिकवली.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकात चर्चला जोडून गावशाळा असत. त्यांत अक्षरओळख, धर्मतत्त्वे आणि संगीत शिकवत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते नव्या ख्रिस्ती समाजाच्या हाती स्वतःच्या भाषेतला ग्रंथ असावा म्हणून. त्यांची प्रश्नोत्तररूपी ‘दौत्रिन’ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्नोत्तरे चर्चमध्ये शिकायची आणि घरी घोकायची, असे त्या पुस्तकाचे रूपच आहे. पण शाळा आणि घर यांच्यात विषय वाटून घेण्याचा प्रश्न तिथे नव्हता. दोन्हीकडे मुख्यतः शिकवायचा तो धर्मच.

मुंबईत आणि देशावर चित्र पालटते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी मराठी शाळा काढल्या. शिकणारी मुले हिंदू, आणि पुष्कळदा शिकवणारे पंतोजीही हिंदू. ख्रिस्ती होते ते मिशनचे पैसे आणि वाचायला दिलेली पुस्तके. १८२७ मध्ये सिंथिया फरार मुलींच्या शाळांचे काम पाहण्यासाठी आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी आयुष्य काढले. त्या शाळांतून महाराष्ट्राला जे मिळाले त्याचा हिशेब ख्रिस्ती झालेल्यांच्या संख्येत मांडता येत नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि नगरची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. सावित्रीबाईंना त्यांनी आधी घरी शिकवले, हेही या ओघात नोंदवण्यासारखे.

शाळा कोणासाठी, हा प्रश्न १८५४ मध्ये ऐरणीवर आला आणि त्यात कोल्हापूरचा थेट संबंध आहे. या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन त्या साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले आणि नगरला मराठी मिशनच्या मंडळींशी त्यांची दीर्घ चर्चा झाली. मिशनचे काम उपदेश आणि स्वावलंबी मंडळ्या उभ्या करण्याचे. इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नये. शाळा ठेवायच्या त्या देशी भाषेत आणि मुख्यतः ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांसाठी, असे त्यांचे मत होते. रॉयल गूल्ड वायल्डर यांना हे पटले नाही. नगरला काही वर्षे काढून ते १८५२ मध्ये कोल्हापूरला आले होते आणि तिथे शाळा हेच त्यांच्या कामाचे मुख्य अंग होते. अन्य धर्मीयांच्या मुलांना शिकवणे हाच लोकांपर्यंत पोचण्याचा राजमार्ग, हे त्यांनी १८६१ मध्ये ‘मिशन स्कूल्स इन इंडिया’ या जाडजूड पुस्तकात पुराव्यानिशी मांडले. बोर्डाशी त्यांचे फाटले, तरी ते कोल्हापूरला परतले आणि स्वतंत्रपणे काम करत राहिले. १८७० च्या सुमारास कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. वायल्डर यांच्याच घरातला, १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट वायल्डर पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी-मिशनरी चळवळीचा मोठा प्रणेता झाला.

अँडरसन आणि वायल्डर यांच्यात कोण बरोबर, हा वाद मिशनच्या इतिहासकारांवर सोडता येईल. शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर कोल्हापुरात वायल्डर जिंकले. १८५४ च्याच वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण घातले. अनुदानाबरोबर तपासणी, ठरलेला अभ्यासक्रम आणि सर्वांना प्रवेश हेही आले. कोल्हापूरचे आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल आणि एस्तेर पॅटन हायस्कूल या शाळा नावाने ख्रिस्ती; त्यांचे दरवाजे शहरातल्या सगळ्या जातीधर्मांना उघडे. अँडरसन यांच्या मार्गाने गेले असते तर ख्रिस्ती मुलांची, घराला धरून चालणारी छोटी शाळा इथे कदाचित रुजली असती. ती रुजली नाही, आणि कोल्हापूरच्या मुलामुलींचा त्यात तोटा झाला असे म्हणणे कठीण आहे.

श्रद्धेचे शिक्षण मग कुठे झाले? त्याच्या तीन वाटा होत्या. पहिली बोर्डिंगची. खेड्यातल्या नवख्रिस्ती कुटुंबातली मुले मिशनच्या आवारात आणून ठेवायची, शिकवायची, शक्य तर शिक्षक किंवा पाळक करायची. कोल्हापूर, सांगली, कोडोली भागात ही पद्धत चालली. संमिश्र शाळेच्या ती अगदी उलट आहे, कारण घर हेच इथे अडथळा मानले होते. बहुतेक कुटुंबे महार-मांग समाजातून आलेली, आईबाप निरक्षर, घर गावकुसाबाहेर आणि पोट बलुत्यावर. अशा घरी राहून मूल शिकणार नाही असे मिशनरी समजत, आणि त्यात वस्तुस्थितीइतकाच त्यांचा पूर्वग्रहही होता.

दुसरी वाट बायबलबाईंची. या शिकलेल्या ख्रिस्ती स्त्रिया घरोघर, पडवीत आणि परसात बसून बायकांना अक्षरे आणि गोष्टी शिकवत. मूल शाळेत नेण्याऐवजी शाळा आईपर्यंत नेण्याचा हा प्रकार त्या काळात नोंदला गेला त्याहून अधिक मोलाचा होता. वाचणारी आई असल्याशिवाय घरी शाळा भरत नाही, ही आजच्या संमिश्र पद्धतीची पहिली अट बायबलबाया पूर्ण करू पाहत होत्या. घरी वाचायला काय द्यायचे याचेही उत्तर मराठीत तयार झाले. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होता. मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये सुरू झाला आणि पुढे नारायण वामन टिळकांनी त्याचे संपादन केले.

तिसरी वाट रविवारच्या शाळेची, आणि ती आजही चालू आहे. देशभरातल्या अशा शाळांची संघटना १८७६ मध्ये अलाहाबादला झाली. मराठी मंडळ्यांत रविवारच्या शाळेचा क्रम ठरलेला असतो: गाणे, प्रार्थना, वयाप्रमाणे गट, एक गोष्ट आणि त्या दिवसाचे सुवर्णवचन. ते छोट्या कार्डावर किंवा वहीत उतरवून मूल घरी नेते आणि पुढच्या रविवारी पाठ म्हणून दाखवते. मधले सहा दिवस ते वचन मुलाकडून कोण म्हणवून घेतो? आई, आजी, नाहीतर कोणीच नाही. मे महिन्यात आठ-दहा दिवसांची ‘व्हीबीएस’, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, भरते. कागदकाम, कृतिगीते आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. शाळेचे विषय यांपैकी कशातच येत नाहीत, म्हणून संमिश्र शाळा हे नाव याला लागू होत नाही. पण एकाच शिकवणीचा अर्धा भाग बाहेर आणि अर्धा घरी, ही वाटणी मात्र तीच.

संमिश्र शाळेच्या सर्वांत जवळची रीत मराठी मुलुखात एकाच गटाने चालवली: खुद्द मिशनऱ्यांनी, स्वतःच्या मुलांसाठी. आठ-नऊ वर्षांपर्यंत आई घरी शिकवी. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ पासून टपालाने घरच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम द्यायला सुरुवात केली, त्याने हे काम सोपे झाले. मूल जरा मोठे झाले की मसुरीच्या वुडस्टॉकला किंवा १९०१ मध्ये सुरू झालेल्या कोडाईकनालच्या शाळेला जाई आणि लांब सुट्टीत घरी परते. म्हणजे एकाच आवारात दोन नियम होते. मिशनऱ्याच्या घरावर शिक्षणाचा अर्धा भार निःशंकपणे सोपवला जाई, आणि पाळकाच्या किंवा शेतमजुराच्या मुलाला घरापासून दूर ठेवले जाई. साक्षरतेतला फरक हे त्याचे एक कारण, पण ते एकमेव नव्हते.

कोल्हापूर संस्थानात शाळेची सक्ती याच काळात आली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. एक रुपया तेव्हा लहान रक्कम नव्हती. पालकाच्या इच्छेपेक्षा मुलाचे शिकणे वरचढ, हे तत्त्व या भागात एवढे जुने आहे. वसतिगृहांची त्यांची योजनाही घराबाहेर शिकण्याचीच होती. जातवार वसतिगृहांच्या त्या मालिकेत हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. जिथे बहुजनांच्या घरात पाटी नव्हती तिथे मुलाला घराबाहेर काढणे हीच सुधारणा ठरली. ‘पालकांनी घरी शिकवावे’ ही मागणी ज्या घरांत आधीपासून पुस्तके आहेत तिथूनच पुढे येते.

तरीही पूर्णवेळ शाळा सर्वांना झेपत नाही, हे ओळखणारा माणूस याच जिल्ह्यातला. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीला त्यांनी मौनी विद्यापीठ उभारले. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते, आणि काम करावे लागणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ शिक्षणाची शिफारस त्या अहवालात आहे. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत चित्रा नाईक यांनी १९७९ पासून खेड्यांत संध्याकाळचे वर्ग चालवून हा विचार अनुभवाला लावून पाहिला. तिथे मुले दिवसा घरी असत ती गुरे राखायला आणि लहान भावंडे सांभाळायला. त्याआधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा गुराख्यांच्या मागे रानात गेली होती. वर्गाचा वेळ कमी करण्याचे कारण अमेरिकेत पालकांची श्रद्धा, इथे पालकांची गरिबी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन व्यवस्थांची तुलना करताना हा फरक नजरेआड होऊ नये.

याच जिल्ह्यातले एक गाव उदाहरणाला घेऊ. मुरगूड हे कागल तालुक्यातले वेदगंगेकाठचे नगरपालिकेचे गाव. सर पिराजीराव तलाव, आसपासचा ऊस, एका अंगाला निपाणीची कर्नाटक हद्द, दुसरीकडे मुदाळतिट्ट्यावरून गारगोटी-राधानगरीचा रस्ता. मुरगूड विद्यालय आणि सदाशिवराव मंडलिक महाविद्यालय यांमुळे भोवतालच्या खेड्यांतली मुले इथे शिकायला येतात. अमेरिकन धर्तीची संमिश्र शाळा अशा ठिकाणी काढायची म्हटली तर काय लागेल, हे पाहिल्याने विषय नीट उलगडतो.

पहिली भिंत कायद्याची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकाचे कर्तव्य आहे, मात्र न घालणाऱ्या पालकाला दंड नाही; इथे १९१७ चा कोल्हापूरचा कायदा अधिक कडक होता. शाळेला मात्र सूट नाही. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवे. आठवड्याला दोन दिवस वर्ग धरले तर ४० आठवड्यांत ८० दिवस भरतात, तीन दिवस धरले तर १२०. मान्यता मिळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास रोज दहा हजारांपर्यंत. घरी शिकणारे मूल सरकारी सर्वेक्षणात ‘शाळाबाह्य’ ठरते. मग वीटभट्टीवरच्या मुलासाठी केलेला रकाना आणि घरी लॅटिन शिकणाऱ्या मुलाचा रकाना एकच होतो. याच राज्यात अकरावी-बारावीची असंख्य मुले नाव एका कॉलेजात घालून दिवसभर नीट-जेईईच्या क्लासला बसतात, ते मात्र कोणाला फारसे खटकत नाही.

कायद्यात घराला जागा आहे ती एका ठिकाणी. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक अशा मुलाच्या घरी जातो, आईला व्यायाम आणि कृती दाखवून देतो, नाव शाळेच्या पटावर राहते. घर आणि शाळा यांनी काम वाटून घेण्याची ही एकमेव सरकारमान्य रीत आहे. त्याच दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर ठेवल्या. पण गणित-विज्ञानासह पूर्ण अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संमिश्र शाळेला ‘मुख्यतः धर्मशिक्षण’ हे वर्णन लागू पडणे अवघड.

अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा वेगळा आहे. घटनेच्या ३० व्या कलमाने त्यांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. मे २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा त्यांना लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. प्रमती कायम धरला तरी परीक्षा मंडळाच्या संलग्नतेचे आणि हजेरीचे नियम उरतातच. शिवाय २८ व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीविना कोणाला धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणून पुष्कळ मिशन शाळांत एकाच तासाला ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला जातात.

दुसरी अडचण घराची, आणि ती कायद्याहून मोठी आहे. संमिश्र पद्धत गृहीत धरते की आठवड्यातले दोन-तीन दिवस घरात एक शिकलेले माणूस सकाळपासून दुपारपर्यंत मोकळे आहे. मुरगूडच्या आसपास शेतकरी घरातल्या बाईचा दिवस धारा काढून डेअरीला दूध घालण्यापासून सुरू होतो. मग वैरण, स्वयंपाक, भांगलण, पुन्हा धारा. नोकरदार घरात दोघेही कामावर. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही किंचित कमी आहे, आणि कोल्हापूर भागातला मराठी ख्रिस्ती समाज मुख्यतः पूर्वाश्रमीच्या दलित जातींतून आलेला. १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती सुटतात. अशा कुटुंबाला एक पगार सोडून आईला घरी बसवा म्हणणे व्यवहाराला धरून नाही. खुद्द अमेरिकेतही या शाळांवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे की फी कमी दिसते, कारण आईच्या श्रमाचा हिशेब कोणी धरत नाही. या शाळांतल्या मुलांचे चांगले गुण हा पद्धतीचा पुरावा म्हणून दाखवतात, त्यावरही सावध राहावे: अशी शाळा निवडणारी घरे आधीच वेळ, पुस्तके आणि चिकाटी असलेली असतात.

घर किती शिकवू शकते याची सक्तीची चाचणी २०२० मध्ये झालीच. करोनामुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राज्याने रोजच्या अभ्यासमाला मोबाइलवर पाठवल्या, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या धड्यांवर आधारलेल्या, घरातल्या वस्तू घेऊन मोठ्यांसोबत करायच्या कृती त्यात होत्या. डाळीच्या दाण्यांनी बेरीज, अंगणातल्या पानांची वर्गवारी. कल्पना उत्तम होती. जिथे मोठे माणूस शेजारी बसले तिथे ती चालली. बाकी ठिकाणी मोबाइल बापाबरोबर शेतात गेला.

पालकांचा सहभाग म्हणजे शाळेचे दिवस कमी करणे, असे समीकरण नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय आठवडाभर भरते, आणि तरी पालकांना शाळेच्या कामात ओढून घेते. पुण्या-मुंबईत २०१२ पासून ‘स्वशिक्षण’ या नावाने एकत्र आलेली कुटुंबे मुलांना शाळेत घालतच नाहीत. त्यांची कारणे बहुधा धार्मिक नसतात, शाळेच्या चाकोरीचा कंटाळा हे मुख्य. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा टप्पा ‘एनआयओएस’ असतो. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष स्तर आणि पुढे दहावी-बारावी घेते. राज्याने २०१७ मध्ये स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ काढले. आणि बाहेरून दहावी देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही औपचारिक आणि अनौपचारिक अशा अनेक वाटा असाव्यात असे म्हटले आहे, पण घरच्या शिक्षणासाठी शिक्षण हक्क कायद्यात बदल झालेला नाही.

आजच्या नियमांत बसणारी ख्रिस्ती संमिश्र शाळा मुरगूडसारख्या ठिकाणी उभी राहिली तर ती चौदा वर्षांपुढच्या मुलांचीच असेल. सक्तीचे वय तिथे संपते. ‘एनआयओएस’च्या दहावीला चौदा वर्षे पूर्ण झालेला कोणीही बसू शकतो, पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी. आठवड्यातले तीन दिवस चर्चच्या सभागृहात वर्ग आणि बाकी दिवस घरी अभ्यास, याला कोणाची मान्यता लागत नाही. कायद्याच्या नजरेत ती शिकवणीच. फक्त त्या वयात आईवडिलांकडे मुलाला अभ्यासाला बसवण्यापलीकडे फारसे काम उरलेले नसते.